उबाईच्या पहिल्या घासाची कहाणी

ऐक उबाई, तुझी कहाणी. आटपाट नगराच्या वेशीबाहेर एक वाडी होती. तिथं ठकूबाई नावाची विधवा राहत होती. तिचा मुलगा मीठ विकत गावोगाव फिरे. घरी सून होती, तिचं नाव गोजरा. दारी खुराडं होतं, खुराड्यात एक काळी कोंबडी आणि एक तुरेवाला कोंबडा. अंड्यापिलांवर घर चाले.

घरची रीत कशी होती? दाणे आधी कोंबड्याला, तो देवीला सोडलेला. मग कण्या पिलांना. काळीला उरला तर कोंडा. माणसांतही तेच. आधी मुलगा जेवी, मग सासू, आणि परातीत राहील ते सुनेला. ठकूबाई दुष्ट नव्हती हो बायांनो. तिच्या सासूनं तिला असंच वाढलं होतं.

ठकूबाईनं खुराड्याला ऊब देणाऱ्या उबाईचा वसा घेतला. दर मंगळवारी खुराडं सारवी, हळदकुंकू वाही, म्हणे, "आई, खुराड्यात पिलं दे, पाळण्यात नातू दे."

मग काळी खुडूक झाली. ठकूबाईनं डालग्यात पेंढा घातला, नऊ अंडी मांडली, काळीला बसवली. आता ही थोडीच अंडी देतेय, म्हणून तिचा कोंडाही निम्मा केला. एकवीस दिवस झाले, अंडी फुटेनात. फोडून पाहिली, तर पिलं आतल्या आत मेलेली. त्याच महिन्यात गोजराचा गर्भ गेला. ठकूबाई रडली, पुढल्या मंगळवारी कुंकू दुप्पट वाहिलं.

दुसऱ्या साली काळी पुन्हा बसली. पिलं निघाली, पण त्यांना उभं राहवेना. दोन दिवसांत सगळी गेली. गोजराला मुलगी झाली, काटकुळी, रडायचंही बळ नसलेली. ती पाचवीच्या दिवशी गेली. ठकूबाई म्हणाली, "पोरीचं नशीबच फुटकं." गोजरा उठली आणि कोंबड्याला दाणे घातले.

तिसऱ्या साली काळी पुन्हा बसली. गोजराला नववा लागला. ठकूबाईनं निर्जळी उपास केला, खुराड्यापुढं लोटांगण घातलं. एकविसाव्या दिवशी उबाई म्हातारीच्या रूपानं दारी आली. म्हणाली, "बाई, भूक लागलीय. तुझ्या घरी शेवटी उरतं ते वाढ."

ठकूबाईनं टोपली पाहिली, मडकं पाहिलं, परात पाहिली. म्हणाली, "आजी, शेवटी काहीच उरत नाही गं."

"मग शेवटी जेवते ती काय खाते?"

ठकूबाईनं पुन्हा परातीत पाहिलं. इतक्यात खुराड्यातून चिवचिव आली. धावत गेली, पाहते तो काय? नऊच्या नऊ पिलं टुणटुणीत, आणि त्यांच्यावर काळी पंख पसरून मेलेली. उचलली तर हाताला वजनच लागेना.

मग ठकूबाईनं काळीला खाली ठेवलं. तिनं कोंबड्याचे दाणे ओढले, दळले, भाकरी केली, वर तूप घातलं, ताट घेऊन सुनेकडे गेली. गोजरा कळा देत होती.

"घे गं बाळे, आधी तू खा."

"आत्याबाई, तुम्ही जेवलात?" गोजरानं विचारलं. घास तोंडात घेतला, तो तिला गिळवेना. सांजेला मुलगा झाला, चांगला बाळसेदार. गोजरा राहिली नाही.

ठकूबाईनं दारात बसून राहिलेल्या म्हातारीचे पाय धरले. "आई, हे काय केलंस?"

उबाई म्हणाली, "मागितलंस ते दिलं. तीन वर्षं पिलं मागितलीस, नातू मागितलास. कोंबडी मागितली नाहीस, सून मागितली नाहीस."

"आता मागते गं!"

"आता कुणासाठी?" म्हणाली, आणि अदृश्य झाली.

पुढं ठकूबाई पहिला घास अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला घाली, दुसरा वाडीतल्या गरवार बाईला नेऊन देई. उतली नाही, मातली नाही, वसा टाकला नाही. पण गोजरा काही परत आली नाही. नातू आईचं नाव विचारी, तेव्हा ठकूबाई तोंड फिरवी.

ठकूबाईला कळलं तेव्हा उशीर झाला होता, तसा तुम्हां-आम्हां न होवो. उठा बायांनो, घरी जी शेवटी जेवते तिला आज आधी वाढा. ही उशिराची कहाणी, वेळेवर ऐकणारणीला सुफळ होवो, संपूर्ण होवो.