कपाळावरचा चष्मा

मिरजेच्या चित्रपट मंडळात समीक्षक माईणकरांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. नटवर्य केरकरांचा सिनेमा संपला, तसे माईणकर माईकपाशी गेले.

"केरकरांचा म्हातारा मला क्षणभरही खरा वाटला नाही. प्रेक्षक भोळे, म्हणून रडतात. त्यांचे पुढचे सिनेमे रद्द करा."

अध्यक्षांनी मान डोलावली. आज गप्प बसायचं नाही, असं ठरवून मंडळाच्या सभासद शालिनीताई उठल्या.

"माईणकरसाहेब, म्हातारा घरभर चष्मा शोधत होता, तेव्हा 'अहो, कपाळावर आहे' असं पहिल्या रांगेतून कोण ओरडलं?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. सभागृहात हशा पिकला.

"ते नकळत तोंडून गेलं," माईणकर पुटपुटले.

"आमच्या डोळ्यांतूनही पाणी असंच नकळत येतं," शालिनीताई म्हणाल्या. "अध्यक्षमहाराज, केरकरांचा पुढचा सिनेमा कधी, तेवढं जाहीर करा."