मथूच्या कपाळावरचा हात

त्या वर्षी चैत्रात येसोबा महाराजांचा मुक्काम चिंचखेडीला, ओढ्याकाठच्या भैरवनाथाच्या देवळात पडला. सहा दिवस कीर्तन, सातव्या दिवशी दुपारी काला, आणि काला आटोपला की महाराज पुढच्या गावी निघणार, असे ठरले होते. पंचक्रोशी लोटली होती. आली नव्हती ती एकटी चांगुणा परटीण.

मन तिचे देवळातच होते हो! पण गावात कोणी अंथरुणाला खिळले की चांगुणेला बोलावणे येई. आजाऱ्यांचे कपडे धुता धुता ती त्यांची सेवा शिकली होती. कुणाची कूस केव्हा बदलावी, कुणाच्या टाचेखाली मऊ चिंधी सारावी, ज्याचा डोळा लागत नाही त्याच्याशी किती बोलावे आणि केव्हा गप्प बसावे, हे तिला कळे. पहिल्या दिवशी ती देवळाकडे निघाली, तो कुंभाराच्या म्हाताऱ्याचे अंग लुळे पडले. दुसऱ्या दिवशी एक बाळंतीण तापाने फणफणली. असे सहा दिवस गेले. ओढ्यावर धुणे बडवताना वाऱ्यासरशी टाळ ऐकू येत, आणि तिचे हात पाण्यात तसेच थांबत. 'एकदा तरी त्या पायांवर डोकं ठेवायला मिळू दे,' एवढेच ती म्हणे.

गावचे वैद्य त्र्यंबकशास्त्री विद्वान खरे, पण विद्येचा ताठा मोठा. चारचौघांत ते तिला म्हणाले होते, "चांगुणे, रोग औषधाने जातो. उशी इकडची तिकडे करणं ही काय विद्या झाली?" लोक हसले. चांगुणा गाठोडे उचलून चालू लागली.

या शास्त्र्यांची एकुलती एक लेक मथू. महिन्यापूर्वी सासरी उकळत्या तेलाची कढई कलंडली आणि तिचा उजवा गाल, मान, खांदा भाजून निघाला. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडले, ते पुन्हा फिरकले नाहीत. शास्त्र्यांच्या लेपांनी जखमा भरत आल्या, पण आग थांबेना. नऊ दिवस पोरीचा डोळ्याला डोळा नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडे, आणि कोणी हाक मारली तर म्हणे, "मथू गेली. ही कोण आहे, मला ठाऊक नाही."

सातव्या दिवशी चांगुणा धुतले लुगडे नेसून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत पोचली. आतून महाराजांचा आवाज येत होता. इतक्यात शास्त्र्यांच्या पत्नी, सरस्वतीकाकू, धापा टाकीत आल्या.

"चांगुणे, पोरीनं कालपासून पाण्याचा घोटही घेतला नाही गं! 'मला जाऊ दे' म्हणते. यांना निरोप धाडला, तर म्हणतात, औषध देऊन झालंय. तू तरी चल!"

चांगुणेने पायरीला हात लावला, तो डोळ्यांना लावला. "महाराज, माझा जोग इथवरच दिसतोय," असे पुटपुटली आणि डोळे पुशीत मागे वळली.

घरात गेल्या गेल्या तिने पडवीत औषध कुटणाऱ्या गड्याला थांबवले. उन्हाची तिरीप येत होती त्या खिडकीवर ओले धोतर टाकले. मग ती मथूजवळ बसली.

"मथूताई..."

"मथू म्हणू नका मला."

"बरं, नाही म्हणत. दुखतंय कुठं, तेवढं सांगा."

महिनाभर सगळ्यांनी जखम पाहिली होती. हे मात्र कोणी विचारले नव्हते. मथूने हळूच खांद्याकडे बोट केले. चांगुणेने टोचणारी गोधडी काढली, जुन्या लुगड्याची मऊ घडी अंथरली, खांद्याखाली तूप लावलेले केळीचे कोवळे पान सरकवले. मथूचे डोके मांडीवर घेतले. सरस्वतीकाकूंना काशाच्या वाटीने तळपाय घासायला बसवले. आग थोडी निवली, पण झोप येईना. सहा दिवस जागलेल्या चांगुणेने दोन्ही हात तिच्या पाठीशी घालून तिला सावरले. ती कळवळून म्हणाली, "महाराज, माझ्या हातात होतं ते सरलं. आता तुम्हीच धरा हिला!"

थोड्या वेळाने मथू अस्फुट म्हणाली, "कपाळावर हात कोणाचा? किती गार आहे..." चांगुणेचे दोन्ही हात तर तिच्या पाठीशी होते! मथूने एक दीर्घ श्वास सोडला, आणि नऊ दिवसांनी तिचा डोळा लागला.

त्याच वेळी देवळात महाराज बोलता बोलता थांबले. त्यांचा उजवा हात पुढे झाला आणि कुणाच्या कपाळावर टेकावा तसा अधांतरी टेकला. पाहता पाहता त्यांचा उजवा गाल, मान, खांदा लालबुंद झाला, खांद्यावर फोड उठले. लोक घाबरले. पुढेच बसलेले त्र्यंबकशास्त्री मात्र पांढरेफटक पडले. जखमेचा तो आकार ते महिनाभर रोज पाहत होते!

महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, घाबरू नका. एका माउलीनं थोडा वेळ धरायला सांगितलंय. चला, तुमच्या घरी जायचं आहे."

महाराज उंबऱ्यात आले. चांगुणा उठू पाहत होती, पण मांडीवर मथूचे डोके! पायांवर डोके ठेवायचे ते कसे? तिचे डोळे वाहू लागले.

"उठू नका, माय," महाराज हलकेच म्हणाले. "सहा दिवस तुमची वाट पाहिली. शेवटी म्हटलं, आपणच जावं." आणि ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. मथू जागी होईपर्यंत कोणी हलले नाही.

तिने डोळे उघडले, ते महाराजांच्या भाजलेल्या चेहऱ्यावर स्थिरावले.

"पोरी, मी कोण?"

"महाराज."

"या गालासकट?"

"हो... महाराजच."

"मग तू कोण?"

मथूचा हात आपल्या गालाकडे गेला. महिन्यात पहिल्यांदाच तिने तो चाचपला. "मी... मथू," ती म्हणाली आणि पाणी मागितले.

मथूचे डाग तसेच राहिले. आग मात्र गेली ती कायमची. त्र्यंबकशास्त्री महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी नुसते चांगुणेकडे बोट दाखवले. शास्त्र्यांनी तिच्यापुढे जमिनीला कपाळ टेकले.

"बाई, मी ग्रंथ वाचले, पण पोरीला काय होतंय ते विचारलं नाही. मला क्षमा करा. सांगाल ते करीन."

चांगुणा संकोचाने आक्रसली. मथूच्या पापण्या पुन्हा जडावत होत्या.

"शास्त्रीबुवा," ती कुजबुजली, "ताईला झोप येतीया. दार तेवढं हळू लावा."

आणि गावात कोणाचे न ऐकणाऱ्या शास्त्र्यांनी उठून, दोन्ही हातांनी, आवाज होऊ न देता दार लोटले.