छत्तीस नजराणे आणि एक ब्राउझर

"तुळाजी! पान उघडेपर्यंत लिलाव संपला! माझा पांढरा घोडा शेजारच्या राजानं पटकावला!"

वेळुगडचे महाराज गंभीरसेन असे गरजले, की संगणक सांभाळणाऱ्या तुळाजीच्या हातून माऊसच सुटला. पडद्यावर गोल चक्र अजून फिरतच होतं.

"सरकार, ब्राउझर जड झालाय," तुळाजी चाचरला. "दसऱ्याला छत्तीस मानकऱ्यांनी ब्राउझरला जोडायची छत्तीस एक्स्टेन्शनं नजर केली. सगळी एकदम चालतात. दिवाणजींचं पंचांग वाचतं, सरदार हैबतरावांचं दर क्लिकला तुतारी फुंकतं, मामासाहेबांचं तर दिसेल त्या चित्राला आपल्या मिशा चिकटवतं..."

"घोड्याला शोभत होत्या!" मामासाहेब म्हणाले.

"थोडी काढून टाकली तर—"

"काढून?" महाराज कडाडले. "वेळुगडात नजराणा कधी परत गेलेला नाही! एकही काढायचा नाही. नवा संगणकही मिळणार नाही. दुपारी काळ्या घोडीचा लिलाव आहे. तोवर ब्राउझर पळाला नाही, तर तू वेशीबाहेर पळायचं!"

दाराशी उभ्या हौसानं हे ऐकलं. तुळाजी तिचा धाकटा भाऊ. वडिलांमागे महाराजांचे फेटे बांधायचं काम तिच्याकडे आलं होतं, आणि तुतारी वाजली की रोज ती दचकून फेट्याची गाठ चुकवायची.

"अगं, ती नुसती बंदही करता येतात," बाहेर येऊन तुळाजी कुजबुजला. "पण महाराजांना सांगणार कोण?"

"मी? छे, छे!" हौसा म्हणाली. आणि नजराणे ठेवायच्या जामदारखान्याकडे धावत सुटली.

दुपारी ती परतली, ती कापडाच्या ढिगाआडून! नुसते पाय दिसत होते.

"लिलावाला बसायचं, तर फेटा हवा, सरकार."

एक फेटा बांधला. त्यावर दुसरा. त्यावर तिसरा!

"अगं, हे काय?"

"हा हैबतरावांचा जुना नजराणा, सरकार. हा दिवाणजींचा. वगळू कुणाचा? अजून तेहतीस आहेत."

सहाव्या फेट्याला महाराजांचे कान गडप झाले. आठव्याला मान कलली. दोन हुजरे डोलारा धरून उभे राहिले.

"डोकं हळू चालतंय का, सरकार?" हौसा बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. मेले आता!

"काय म्हणालीस? ऐकू येत नाही! काढ हे! एका डोक्याला एक फेटा पुरे!"

"बाकीचे टाकून देऊ?"

"टाकतेस कशाला? जामदारखान्यात ठेव! ज्याचा सण, त्याचा फेटा त्या दिवशी!"

हौसा भावाकडे वळली. "तुळाजी, हुकूम ऐकलास ना? एकही एक्स्टेन्शन काढू नकोस. सगळी बंद करून ठेव, लागेल ते लागेल तेव्हा चालू कर!"

तुळाजीची बोटं भराभर चालली. तुतारी गप्प झाली, तसे हैबतराव ताडकन उठले.

"माझा नजराणा बंद? हा माझा अपमान आहे!"

हौसाचं तोंड आता सुटलं होतं. "सरदार, आपला फेटा सात वर्षं जामदारखान्यात होता. आजवर घडीसुद्धा मोडली नव्हती. म्हणजे महाराज सात वर्षं आपला अपमान करत होते?"

हैबतरावांनी महाराजांकडे पाहिलं. मग घाम पुसला.

"छे, छे! जामदारखान्यात जागा मिळणं, हा तर मान!"

"मग तुतारीलाही तोच मान!" हौसा म्हणाली.

महाराजांनी बोली लावायला माऊस दाबला. बोट उचलायच्या आत पान समोर, बोली पक्की! खुद्द महाराज दचकले, आणि मग असे खदाखदा हसले, की फेट्याचा तुरा थरथरू लागला.

"घोडी आपली झाली! तुळाजी, तू कुठंही जायचं नाहीस. आणि हौसा, आजपासून जामदारखान्याची किल्ली तुझ्या कमरेला. फेटे असोत की एक्स्टेन्शनं, कुणाला कधी बाहेर काढायचं, ते तूच ठरव!"