सांगाड्याची पोच

एका गावाबाहेरच्या माळावर एक विद्यापीठ होते आणि त्या विद्यापीठाच्या दवाखान्यात एक भोळा शिपाई होता. त्याचे नाव भिवाजी. सांगितलेले काम तो सांगितले तसेच करी. अडचण एवढीच, की एकदा सांगितलेले तो कधी विसरत नसे.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत डॉक्टर मिराशीबाई बसत. मागच्या खोलीत तपासणीची खाट, वजनकाटा आणि खुंटीला टांगलेला प्लास्टिकचा सांगाडा. भिवाजी कामाला लागला त्या दिवशी बाई हसत म्हणाल्या होत्या, “हा इथला सगळ्यांत जुना माणूस बरं का. माझ्याही आधीपासून आहे. याला जप.” तेव्हापासून भिवाजी रोज सकाळी आधी सांगाड्याला नमस्कार करी, मग त्याच्या बरगड्या पुसी, आणि मग बाईंसाठी चहा टाकी.

बाईंनी एकदा त्याच्या टाचेतला काटा काढला होता. तेव्हापासून दाराबाहेर बकुळीखाली ठेवलेल्या आपल्या स्टुलावर बसले की त्याला वाटे, सुख म्हणतात ते हेच.

एके दिवशी कुलसचिव घारपुरे साहेब दवाखान्यात आले. साहेबांचा या जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता. पोचेवर. पत्र गेले आणि टपालवहीत सही आली, की साहेबांच्या लेखी काम झाले. सही नसेल, तर पत्र गेलेच नाही.

“डॉक्टर, महिन्याला किती माणसं येतात तुमच्याकडे?”

“अकरा,” बाई म्हणाल्या.

“त्यात चार वेळा मीच असतो, साहेब,” भिवाजीने खरे ते सांगितले.

साहेबांनी खोली डोळ्यांनी मोजली. “मला जुन्या उत्तरपत्रिका ठेवायला जागा नाही. तुम्ही एक आरोग्य सप्ताह घ्या. शनिवारी बारापर्यंत तुमच्या रजिस्टरात शंभर नावं दिसली तर दवाखाना राहील. नाहीतर सोमवारपासून इथं गठ्ठे.”

साहेब गेले. भिवाजीने स्टुलाकडे पाहिले, सांगाड्याकडे पाहिले आणि बाईंना म्हणाला, “बाई, तुम्ही फक्त सांगा. मी करतो.”

बाईंनी सांगितले. तिथेच सगळे सुरू झाले.

सोमवारी डोळ्यांची तपासणी होती. बाईंनी सूचना लिहून दिली. “ही चांगली उंच लाव. सगळ्या विद्यापीठाला दिसली पाहिजे.”

विद्यापीठात सगळ्यांत उंच काय? पाण्याची टाकी. भिवाजी शिडीने टाकीवर चढला आणि त्याने तिथे सूचना चिकटवली. ज्यांचे डोळे चांगले होते त्यांना ती खालून वाचता आली, पण त्यांना तपासणीची गरज नव्हती. ज्यांचे डोळे अधू होते त्यांना वाटले, टाकीवर बगळा बसला आहे. दुपारी वसतिगृहातली तीन मुले धावत आली, ती भिवाजीला खाली उतरवायला. चढताना त्याने खाली पाहिले नव्हते. उतरताना पाहिले.

बाईंनी त्या तिघांचेच डोळे तपासले. तीन नावे झाली.

“अरे भिवाजी,” बाई म्हणाल्या, “असं उंच लावून कोणाला कळणार? एकेकाला गाठायचं, खणखणीत आवाजात सांगायचं. ऐकलं नाही असं कोणी म्हणता कामा नये.”

“चुकलं बाई. आता तसंच करीन.”

मंगळवारी बाईंनी त्याच्या हाती एक पाकीट दिले. “हा तत्त्वज्ञानाच्या वाकणकर सरांचा रिपोर्ट. सांग, पोटात जंत निघालेत. ही गोळी झोपताना घ्यायची.”

भिवाजी निघाला. फाटकापासून त्याने सुरुवात केली. पहारेकऱ्याला गाठले, टायपिस्टला गाठले, झाडांना पाणी घालणाऱ्या मावशींना गाठले, बसथांब्यावरच्या मुलींना एकेक करून गाठले.

“वाकणकर सरांच्या पोटात जंत निघालेत! गोळी झोपताना घ्यायची!”

“आम्ही घ्यायची, काका?” एका मुलीने विचारले.

“ते मला माहीत नाही. तुम्ही ऐकलं ना? मग झालं.”

वाकणकर सर तेव्हा वर्गात देह नश्वर कसा हे सांगत होते. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “सर, पण जंतांचं काय?”

सर थेट दवाखान्यात आले. रागाने त्यांचा चष्मा वाफाळला होता. “बाई, तीस वर्षं मी आत्म्यावर बोलतोय. आजपासून लोक मला कशासाठी ओळखणार?” रजिस्टरात नाव लिहायला ते तयार झाले नाहीत. पाकीट मात्र घेऊन गेले.

“अरे भिवाजी, भिवाजी!” बाईंनी कपाळाला हात लावला. “वाईट बातमी ज्याची त्यालाच द्यायची असते. आत जायचं, दार लावायचं, कानात हळूच सांगायचं. आणि वहीत पोच घ्यायची, म्हणजे त्यालाच मिळाली हे नक्की होतं.”

“चुकलं बाई. आता तसंच करीन.”

बुधवारी चार वाजता सभागृहात डेंग्यूवर व्याख्यान होते. जिल्ह्याच्या गावाहून व्याख्याते येणार होते. बाई म्हणाल्या, “सगळ्या विभागप्रमुखांना कळव.”

डेंग्यू म्हणजे काही चांगली बातमी नव्हे, एवढे भिवाजीला समजत होते. तो पहिल्या विभागप्रमुखांच्या खोलीत शिरला. दार लावले. कडी घातली. त्यांच्या कानाजवळ तोंड नेले.

“सर, डेंग्यू.”

“काय?”

“हळू बोला. चार वाजता. इथं सही करा.”

सरांनी सही चुकीच्या रकान्यात केली. भिवाजीला त्यांची कीव आली. त्याने त्यांना थोडे पाणी दिले आणि तो पुढच्या खोलीकडे गेला.

चार वाजता सभागृहात कोणी नव्हते. व्याख्यात्यांनी रिकाम्या खुर्च्यांना डासाचे मोठे चित्र दाखवले, चहा घेतला आणि ते परत गेले. दवाखान्यात मात्र अकरा विभागप्रमुख एकमेकांची नजर चुकवत बसले होते. प्रत्येकाला अंगात कणकण वाटत होती. एकाने तर विभागाचा कार्यभारही सोपवून टाकला होता. बाईंनी अकराही जणांना तपासले. कोणाला काही झाले नव्हते.

नावे झाली चौदा.

“आता मी काय बोलू?” बाई म्हणाल्या. “बरं, उद्या रक्तातली साखर तपासायची आहे. त्यात चूक नको. दारात बसायचं, प्रत्येकाला विचारायचं, काही खाल्लंय का? खाल्लं असेल तर परत पाठवायचं. उपाशी असेल त्यालाच आत सोडायचं.”

“चुकणार नाही बाई. तसंच करीन.”

गुरुवारी खरेच काही चुकले नाही. बावीस जण उपाशीपोटी आले, बावीस जण आत गेले. ग्रंथपाल फक्त एक बिस्कीट खाऊन आले होते, भिवाजीने त्यांना परत पाठवले. नियम म्हणून तो स्वतःही सकाळपासून उपाशी होता.

नावे झाली छत्तीस.

“शाबास, भिवाजी!” बाई म्हणाल्या. “असं काम पाहिजे!”

एवढी शाबासकी त्याला जन्मात मिळाली नव्हती. घरी गेल्यावर त्याने ती बायकोला दोनदा सांगितली, आणि आनंदाच्या भरात जेवायचे राहिले ते राहिलेच.

शुक्रवार महत्त्वाचा होता. रक्तदान शिबिर. रक्तपेढीची गाडी आली, माणसे आली, आत खाटा मांडल्या गेल्या. बाईंनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना आधीच बजावले होते, की नीट खाऊन या. मुले कँटीनमध्ये पोहे खाऊन, चहा पिऊन, रांगेने आली. सहासष्ट जण होते. पुढे त्यांची प्रमुख, देवयानी नावाची मुलगी.

भिवाजी दारात बसला होता. कालची शाबासकी त्याच्या अंगावर अजून ताजी होती.

“काही खाल्लंय का?”

“हो काका. पोहे.”

“परत जा.”

“अहो काका, रक्तदानाला खाऊनच यायचं असतं.”

“मला नको शिकवू, पोरी. काल इथं बावीस जण उपाशी आत गेले. बाई मला शाबास म्हणाल्या. उद्या अर्धा दिवस. सोमवारी सकाळी या. उपाशी.”

विद्यापीठात नवा नियम का आला, असे कोणी विचारत नाही. कधीपासून आला, एवढेच विचारतात. देवयानीने वहीत लिहून घेतले, सोमवार, सकाळ, उपाशी. आणि सहासष्ट जण पोट धरून हसत परत गेले.

आत बाई वाट पाहत होत्या. एक वाजता रक्तपेढीची माणसे रिकाम्या पिशव्या गोळा करून निघाली, तेव्हा बाई बाहेर आल्या.

“भिवाजी, कोणीच आलं नाही?”

“आले होते की, बाई. सहासष्ट. सगळे खाऊन आले होते. एकालाही आत सोडलं नाही.”

बाई त्याच्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, “छत्तीस आणि सहासष्ट किती होतात रे?”

“एकशे दोन, बाई.”

“हो ना.”

बेरजेचा अर्थ आता भिवाजीच्या ध्यानात आला. त्याला घाम फुटला. “बाई, रागवा की.”

बाई रागावल्या नाहीत. “तू जेवलास का?” एवढेच त्यांनी विचारले, आणि तो कालपासून उपाशी आहे हे कळल्यावर आपला डबा त्याच्यापुढे ठेवला. त्या दिवशी त्यांनी त्याला काहीच शिकवले नाही. त्यामुळे यापुढे कसे वागायचे हे त्याला कळेना.

शनिवारी बाराच्या ठोक्याला घारपुरे साहेब आले. त्यांनी रजिस्टर पाहिले. छत्तीस. त्यांनी खिशातून सूचना काढली, ती आधीच टाइप केलेली होती. विद्यापीठाचा दवाखाना सोमवारपासून बंद करण्यात येत आहे. खाली सही, शिक्का.

“भिवाजी, ही पोचती कर. आणि पोच घेऊन ये.”

“कोणाला देऊ, साहेब?”

“ज्याला द्यायची त्याला! हेही मीच सांगू?”

बाईंनी पर्स उचलली आणि त्या घरी गेल्या. भिवाजी हातात सूचना घेऊन उभा राहिला. बातमी वाईट होती. वाईट बातमीचे काय करायचे ते त्याला मंगळवारी शिकवले होते. ज्याची त्यालाच द्यायची. पण ही बातमी कोणाची? बाईंची नव्हे, बाईंना तर कळलेच होते. विभागांची नव्हे, बंद होत होता तो काही विभाग नव्हे. बातमी दवाखान्याची होती. आणि दवाखान्यात आता होते कोण?

भिवाजी मागच्या खोलीत गेला. दार लावले. कडी घातली. टोपी काढली आणि सांगाड्याच्या कानाजवळ तोंड नेले.

“दादा, मन घट्ट करा. सोमवारपासून तुम्ही बंद.”

वरचा पंखा फिरत होता. सांगाडा थरथरला. भिवाजीच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने पंखा बंद केला, तेव्हा सांगाड्याला जरा बरे वाटले.

“सही येते का?”

सांगाडा काही बोलला नाही. इतकी वर्षे विद्यापीठात राहून सही येऊ नये याचे भिवाजीला वाईट वाटले, पण त्याने ते बोलून दाखवले नाही. शिक्क्याची शाई आणली, सांगाड्याचा अंगठा धरला आणि वहीत उमटवला. मग सूचनेची घडी करून ती त्याच्या बरगड्यांत, डाव्या बाजूला ठेवली.

कार्यालयात घारपुरे साहेबांनी वहीत पोच आहे एवढे पाहिले. त्यांच्या लेखी काम झाले.

सोमवारी सकाळी साहेब दोन हमाल आणि उत्तरपत्रिकांची हातगाडी घेऊन दवाखान्यावर आले. मिराशीबाई आपली छत्री आणि चहाचा कप न्यायला आल्या होत्या. दोघेही फाटकातच थबकले.

दवाखान्यापासून बकुळीपर्यंत आणि बकुळीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत रांग लागली होती. सहासष्ट मुले उपाशी उभी होती. त्यांच्यामागे वाकणकर सर मफलरात तोंड लपवून उभे होते, त्यांना दुसरी गोळी हवी होती. त्यांच्या मागे ग्रंथपाल, त्यांनी बिस्कीट खाल्ले नव्हते.

“हे काय?” साहेब ओरडले. “दवाखाना बंद आहे हे कोणालाच माहीत नाही?”

“नाही,” देवयानी म्हणाली. “आम्हाला उपाशी यायचं एवढंच माहीत आहे.”

भिवाजी पुढे झाला. “साहेब, काही खाल्लंय का?”

“उपमा. का?”

“मग तुम्हाला रांगेत उभं राहता येणार नाही.”

“भिवाजी! माझी सूचना कोणाला दिलीस?”

“ज्याची त्याला, साहेब. पोचही घेतली.” भिवाजीने साहेबांना आणि बाईंना मागच्या खोलीत नेले. सांगाड्याच्या बरगड्यांत सूचना होती. त्याचा अंगठा निळा होता.

साहेबांनी वहीकडे पाहिले. अंगठ्याकडे पाहिले. पुन्हा वहीकडे पाहिले.

मिराशीबाईंचा चेहरा लाल झाला होता. हसू आवरताना त्यांना ठसका लागला. “साहेब, ही पोच खरी मानायची, तर हा इथला कर्मचारी ठरतो. माझ्या आधीपासून आहे. त्याचा इतक्या वर्षांचा पगार काढावा लागेल. आणि खोटी मानायची, तर तुमची सूचना गेलीच नाही.”

साहेब खाटेवर बसले. त्यांच्या आयुष्यात पोच असूनही न गेलेले असे हे पहिलेच पत्र होते. दारातून डोकावणारी रांगेतली मुले मोठमोठ्याने हसत होती. साहेबांनी रजिस्टर मागवले. छत्तीस आणि बाहेरचे अडुसष्ट. त्यांनी दोनदा बेरीज केली. मग हमालांना हातगाडी परत न्यायला सांगितले, बरगड्यांतली सूचना काढून फाडली आणि तिथेच नवी लिहिली. दवाखाना पूर्वीप्रमाणे सुरू राहील. सही केली.

“घे,” साहेब थकून म्हणाले. “ही पोचती कर.”

“पोच घेऊ, साहेब?”

“पोच तर घ्यायचीच!”

भिवाजीने साहेबांना अदबीने बाहेर काढले. बाईंनाही बाहेर काढले. सहासष्ट उपाशी मुले, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, ग्रंथपाल, डॉक्टर आणि कुलसचिव, सगळे बाहेर राहिले. दार लागले. आतून कडी पडली.

बराच वेळ गेला. आतून कुजबुज ऐकू आली, मग पंखा बंद झाल्याचा आवाज.

“आत काय चाललंय काय?” साहेबांनी विचारले.

“पोच घेतोय,” बाई म्हणाल्या.