एस्तेरबाईंचं स्टूल

“...पण मेट्रन, सगळ्यात अदबीचं वाक्य कोणतं? तेवढं सांगा, मी निघतेच.”

पौर्णिमा दारातच उभी होती. खांद्याला पर्स, हातात वही. इंग्लंडातल्या नर्सच्या नोकरीसाठी जी परीक्षा लागते, तीत ती दोनदा नापास झाली होती. लेखी पेपरात नव्हे! पेशंटचं सोंग घेऊन बसलेल्या बाईची इंग्रजीत विचारपूस करण्यात. तिसरी आणि शेवटची संधी सोमवारी होती. म्हणून ती मिरजेला, निवृत्त मेट्रन एस्तेरबाईंकडे आली होती. त्यांच्याच हाताखाली ती नर्स झाली होती.

“तुला किती येतात?” खाटेवरून एस्तेरबाईंनी विचारलं.

“अकरा!” तिची मान ताठ झाली. येत होतीच तिला, उगाच नाही कशाला म्हणा.

“मग विचार मला.”

“हाऊ आर यू फीलिंग टुडे, मॅडम?”

“फाइन.”

“आय होप यू आर कीपिंग वेल?”

“फाइन.”

“हाऊ हॅव यू बीन?”

“फाइन, थँक यू.”

अकराच्या अकरा झाली. उच्चार म्हणजे नुसती खडीसाखर! उत्तर मात्र एकच.

पौर्णिमा रडकुंडीला आली. “परीक्षेतली बाईही हेच म्हणते हो! आणि मार्क माझे कापतात. माझं चुकतं तरी कुठे?”

एस्तेरबाईंनी खाटेखालचं स्टूल हाताने ओढून पुढे केलं.

पौर्णिमा जेमतेम टेकली. बाईंनी तिच्या खांद्यावरची पर्स काढून उशाशी ठेवली.





बाहेरून भाजीवाला ओरडत गेला. पौर्णिमाला बोलायला काही सुचेना. बसल्याबसल्या तिने पहिल्यांदाच बाईंकडे नीट पाहिलं. डावा घोटा टम्म सुजला होता. ती घोट्याकडे बघत राहिली. मग बाईंकडे.

“न्हाणीत पडले गं,” बाई आपणहून म्हणाल्या. “चार दिवस झाले. लेकाला कळवलं नाही. रात्री उठायची भीती वाटते, म्हणून संध्याकाळपासून पाणीच पीत नाही.”

पौर्णिमा खाली जमिनीवर बसली, बाईंचा पाय अलगद मांडीवर घेतला आणि घोटा चाचपू लागली. वही कधीच खाली पडली होती.

पाय बांधून झाला. पेलाभर पाणी पाजून झालं. निघताना तिला सोमवार आठवला.

“मेट्रन... पण मी तिथे कोणतं वाक्य म्हणू?”

“मघाशी स्टुलावर बसून म्हणालीस ना, तेच.”