अंगठ्याचं सोनं

टेकडीवर एक विहार होता आणि पायथ्याशी उत्पला नावाची चिमुरडी राहायची. घरात ती आणि आई, आणि दोघींत मिळून चपलांचा एकच जोड. तो आई कामावर घालून जाई. विहाराला दान द्यायला घरात काही नव्हतं. "पण हात आहेत की दोन!" म्हणत उत्पला अनवाणीच श्रमदानाला जायची.

वैशाख पौर्णिमा दोन दिवसांवर आली. उत्पलाकडे बुद्धमूर्ती पुसायचं काम आलं. पोरगी राख आणि काथ्या घेऊन अशी भिडली, जणू करपलेली कढईच! घास घास घासलं आणि, अगं बाई, उजव्या पायाच्या अंगठ्याचा सोनेरी रंगच निघाला. खाली करडा दगड.

तिनं झटकन त्यावर चाफ्याची फुलं ठेवली.

"उप्पे, किती गं गुणाची तू!" रोज विहारात येणारी भिवराआजी म्हणाली. आजी कमरेत इतकी वाकलेली, की तिला मूर्तीचा चेहरा दिसतच नसे. चाळीस वर्षं ती नुसते पायच बघत आली होती.

शाबासकीनं उत्पलाचे कान तापले. ती बागेत पळाली आणि चाफ्याखाली मुसमुसत बसली.

तोच एका कळीतून करंगळीएवढी परी निघाली. पंख मोरपंखी, पावलं गुलाबी, आणि शिंकली की चांदण्या सांडायच्या.

"दोन इच्छा देते, सोनुले. पण झालेलं न झालेलं करता येत नाही हं."

म्हणजे सोनं काही परत यायचं नाही! उत्पला पुटपुटली, "मग त्या पायांवरची फुलं कधीच कमी होऊ नयेत."

"बरं," परी जराशी हिरमुसून म्हणाली.

फुलं कमी झाली नाहीत. वाढली! पौर्णिमेच्या सकाळी पांढरी, पिवळी, केशरी फुलं बुद्धांच्या हनुवटीला टेकली.

"चमत्कार!" कुणीतरी ओरडलं.

"आपल्यात चमत्कार नसतात," विहारातले भंते शांतपणे म्हणाले. "कुणीतरी काहीतरी केलेलं असतं."

पांढऱ्या कपड्यांतलं अख्खं गाव आपल्याकडेच बघतंय, असं उत्पलाला वाटलं. आणि आजी? ती फुलांचा ढीग चाचपत होती.

"पाय कुठं गेले गं, उप्पे? मला तेवढेच तर दिसतात."

उत्पलाची एक इच्छा उरली होती आणि ती तिनं चपलांसाठी राखून ठेवली होती.

"फुलं जिथली तिथं जाऊ देत," ती म्हणाली.

भुर्रकन फुलं उडाली आणि झाडांवर जाऊन बसली. करडा अंगठा सगळ्यांसमोर उघडा पडला.

"मीच घासला. मीच झाकला," उत्पला मान खाली घालून म्हणाली.

आजीनं अंगठा चाचपला आणि बोळकं पसरून हसली. "अगं, निम्मं सोनं माझ्याच हातांनी गेलंय, रोज पायांना लावून लावून! मी वर गुपचूप हळद चोपडायची."

"तरीच तो पाय जास्त पिवळा!" भंते म्हणाले.

खिडकीत परी खुदकन हसली, शिंकली आणि लख्ख उजेडात विरून गेली.

उत्पलाची मान अजून खालीच होती, म्हणून तिलाच आधी दिसलं. तिच्या पायांत इवल्याशा सोनेरी चपला! विहारात चपला? ती पुन्हा लाजली आणि धावत जाऊन तिनं चपला पायरीखाली ठेवल्या. तिथं आणखी एक सोनेरी जोड होता, आईच्या मापाचा.

अंगठा मात्र अजून करडाच आहे. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. फक्त राख नेऊ नका.