पाचवा होकार

त्या राज्यातले तळे आटत चालले होते आणि हे सगळ्यांना ठाऊक होते. पाणी डोंगरापलीकडे होते. डोंगर ओलांडायला करकोच्यांना उत्तरेचा वारा लागे, आणि तो वर्षातून थोड्याच पहाटा वाहे. एकट्याचे पंख त्या घाटात मोडत. थवा निघाला तरच निभाव लागे. आणि थवा निघे तो चार वडीलधाऱ्यांच्या होकाराने.

काठावर चार दगड होते. त्यांवर चौघे एकमेकांकडे पाठ करून, डोळे मिटून बसत. एकाच्या मताची सावली दुसऱ्यावर पडू नये म्हणून. उजाडताना चारही माना वर झाल्या तरच उडायचे. आजोबा आपल्या गुडघ्याला विचारून मान उचलत, आत्याबाई रात्रीच्या स्वप्नाला, काका पोटाला, मावशी पायाखालच्या चिखलाला. दोन पहाटांतून एकदा तरी प्रत्येकाची मान वर होईच. त्यामुळे आपण कुणाच्या आड येतो असे एकालाही वाटत नसे.

शेवरीला यंदाच पुरते पंख फुटले होते. तिची धाकटी भावंडे चिखल पिळून ओल चोखत होती. वारा सुरू होऊन बऱ्याच पहाटा वाया गेल्यावर ती आजोबांपुढे जाऊन उभी राहिली.

"मी परवाच मान वर केली होती, बाई," आजोबा म्हणाले.

"तेव्हा आत्याबाईंची खाली होती."

"मग त्यांना विचार. माझ्या गुडघ्याला कशाला?"

आत्याबाईंनी काकांकडे पाठवले, काकांनी मावशीकडे. शेवटी शेवरीने चौघांसमोर चिखलात सोळा रेघा ओढल्या, एका पहाटेची एक. आजोबा नाही म्हणतील त्या निम्म्या पुसल्या. उरलेल्यांतल्या आत्याबाईंच्या निम्म्या पुसल्या, मग काकांच्या, मग मावशीच्या. एक रेघ राहिली.

"सोळातली ही एक. तेवढ्या पहाटा वारा तरी उरलाय का?"

काका खो खो हसले. "अगं, चार अर्धे म्हणजे दोन पूर्ण. एका पहाटेला दोनदा निघशील एवढी संमती आहे तुझ्या पदरात."

"पोरीला घाई फार," मावशी म्हणाली. "आमच्या वेळी आम्ही रेघा ओढत नव्हतो."

"तुमच्या वेळी दगड एकच होता, मावशी."

मग आजोबांनी मोठ्या मनाने कबूल केले की पोरीचे गाऱ्हाणे रास्त आहे, संमती कमी पडते आहे. तिच्यात भर घालायला हवी. त्यांनी पाचवा दगड मांडला आणि त्यावर मामांना बसवले, कारण मामांचा तिच्यावर जीव होता.

शेवरीने उरलेल्या रेघेकडे पाहिले आणि तिचा अर्धा भाग पायाने पुसून टाकला. कुणी विचारले नाही, का.

वाऱ्याची शेवटची पहाट उजाडली. थवा पंख सैल करून उभा होता. आजोबांची मान वर झाली. आत्याबाईंची झाली. काकांची झाली, आणि थोड्या वेळाने मावशीचीही. पिल्ले चिखलातून बाहेर आली.

पाचव्या दगडावर मामा पंखात चोच खुपसून झोपले होते. शेवरीच्या काळजीने रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता. दगडावरच्याला हाक मारायची नाही, असा नियम होता.

ऊन चढले. वाऱ्याने मामांच्या पाठीवरचे एक सैल पीस उचलले आणि कुणालाही न विचारता डोंगरापलीकडे नेले.